दिल्लीतलं एक मिनिट आणि मोठ्या बाबांचं वावर

खासदारांच्या संपर्क कार्यालयात मी टायपिंग करायची, असं मी लोकांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. माझं खरं काम कापण्याचं होतं. लोक चार-चार पानांची निवेदनं घेऊन यायचे आणि मी त्यांचं एक मिनिट करायची.

बुलढाण्यात बसस्टँडपासून चालत येता येईल एवढ्या अंतरावर आमचं कार्यालय होतं. तीन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर जिल्हाभरातून आलेली माणसं. कोणी मोताळ्याहून आलेलं, कोणी बीबीहून पहाटेची गाडी धरून. साहेब कोणत्या पक्षाचे होते, ते मी सांगणार नाही. त्याने या गोष्टीत काडीचाही फरक पडत नाही, आणि सांगितलं तर निम्मे वाचणारे इथेच उठून जातील.

येणाऱ्या लोकांवर माझा एक कायमचा राग होता. दिल्लीला काय मागावं आणि ग्रामपंचायतीला काय, यात ते भेदच करत नसत. एका गृहस्थांनी शेजाऱ्याचं सांडपाणी अंगणात येतं म्हणून निवेदन आणलं आणि खाली लिहिलं, ‘सदर प्रश्न लोकसभेत लावून धरावा.’ मी म्हटलं, "काका, यासाठी दिल्ली नाही, ग्रामसेवक असतो." ते म्हणाले, "ग्रामसेवक सापडत नाई ना बाई. तुम्ही सापडता." मी शिक्का मारून पोच दिली.

दिल्लीच्या अखत्यारीतल्या गोष्टी तशा मोजक्या. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, टेलिफोनचे टॉवर. रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उभी तूर खाऊन जातात आणि त्यांना हात लावायला कायद्याने बंदी, हाही दिल्लीचाच विषय. असं काही आलं की माझ्यापुढे दोन रस्ते असत. एक म्हणजे लेखी प्रश्न पाठवायचा, त्याचं मंत्र्यांकडून लेखी उत्तर येतं. दुसरा म्हणजे शून्य प्रहर. प्रश्नोत्तरांचा तास आटोपला की खासदारांना आपापल्या भागातलं तातडीचं गाऱ्हाणं उभं राहून सांगता येतं. त्यासाठी आधी सूचना द्यावी लागते, सूचना देणारे ढीगभर असतात, म्हणून चिठ्ठ्या निघतात. नंबर लागला तर हाती येतं जेमतेम एक मिनिट. बोलणं लांबलं की माइक बंद. मग खासदार हातवारे करताना दिसतात, ऐकू काही येत नाही.

आता आमच्याकडची भाषणाची पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव घेतल्याशिवाय, राहून गेलेल्यांची माफी मागितल्याशिवाय आणि आयोजकांचे आभार मानल्याशिवाय कोणी मूळ मुद्द्याला हात घालत नाही. आमचे साहेबही याच मातीतले. पहिल्या अधिवेशनात त्यांनी अध्यक्षांचे, मतदारांचे आणि बोलायची संधी दिल्याबद्दल पुन्हा अध्यक्षांचे आभार मानले आणि ‘मेरे जिले में’ म्हणेपर्यंत माइक गेला. त्यानंतर त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, माझे आभार कापत जा." तेव्हापासून मी कापू लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत मजकूर मोठ्याने वाचायचा, काटा फिरून आला की उरलेलं खोडायचं. मला या कामाचा गर्वच होता, खोटं कशाला बोलू.

अशाच एका दुपारी व्हरांड्यातल्या खुर्च्यांमध्ये मला मोठे बाबा दिसले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील शिक्षक, त्यांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून प्राथमिक शाळेची चार वर्षं मी डोणगावच्या अलीकडच्या आमच्या मूळ गावी मोठ्या बाबांकडे आणि मोठ्या आईकडे काढली. शाळेआधी रोज सकाळी मोठे बाबा मला वावरात, म्हणजे शेतात, घेऊन जायचे आणि वाटेत पाढे म्हणून घ्यायचे. बारापर्यंतचे पाढे घर ते वावर एवढ्यात बरोबर बसत. स्वतःला ते अकरापर्यंतच येत होते, हे मला फार उशिरा कळलं.

तर ते मोठे बाबा, इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद, रांगेत शांतपणे बसलेले. मी धावतच बाहेर गेले.

"काऊन हो मोठे बाबा, घरी काऊन नाई आले?"

"घरी येईन ना संध्याकायी," ते म्हणाले. "हे सरकारी काम हाय. सरकारी काम हापिसात. तू आपली आत बस, मायावाला नंबर आला का मी येतो."

आणि खरोखरच आपला नंबर येईपर्यंत ते उठले नाहीत.

कागदावर विषय लिहिला होता, ‘मला माझ्या वावरात पायी जाता येणेबाबत.’

आमच्या गावावरून जाणारा रस्ता पूर्वी असा होता की त्यावर म्हशी बसायच्या आणि एसटी हॉर्न वाजवत त्यांच्या उठण्याची वाट बघायची. घरं रस्त्याच्या अलीकडे, बहुतेकांची वावरं पलीकडे. मग तो महामार्ग झाला, चौपदरी झाला. गावात कोणी विरोध केला नाही. उलट डांबर पडलं तेव्हा सगळे कौतुकाने बघायला गेले होते. पण मधोमध दुभाजक आला, त्यावर लोखंडी कठडा आला. गाडीने वळायचं तर डोणगावच्या बाजूला बरंच पुढे जाऊन तेवढंच परत यावं लागे. तरणे लोक मोटारसायकलने तसं करत. बाकीचे कठडा जिथे तुटका होता तिथून जीव मुठीत धरून ओलांडत. मोठे बाबाही ओलांडायचे. एका सकाळी दुभाजकावरून उतरताना त्यांचा पाय सरकला आणि एक टेम्पो अगदी धोतराला वारा लागेल इतक्या जवळून गेला. त्याच दिवशी दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना शपथ घातली. एकट्यानं रस्ता ओलांडायचा नाही.

दादा मोटारसायकलवर न्यायला तयार असायचा. पण मोठ्या बाबांना तसं जायचं नव्हतं. त्यांना मनात येईल तेव्हा, आपल्या पायांनी जायचं होतं. आठ महिने ते रस्त्याच्या कडेच्या निंबाखाली बसून पलीकडचं स्वतःचं वावर बघत होते. एवढं लांबून कोणती ओळ खुरपायची राहिली, हेही त्यांना दिसायचं म्हणे, आणि मग घरी जेवताना दादाला ते ऐकावं लागायचं.

"रस्त्याखालून एक बोगदा पाह्यजे," ते मला म्हणाले. "लय मोठा नाई. एक माणूस अन् एक बैल जाईल एवढा. मले मराच्या आधी माया पायानं वावरात जाता आलं पाह्यजे, बस. मंग त्याईले बुजवाचा असन तं बुजवो."

मी हसले आणि लगेच मला रडूही आलं. ऑफिसात रडणं बरं दिसत नाही म्हणून मी शिक्का शोधू लागले. त्यांनी पोच नीट वाचून घेतली, तारीख तपासली आणि पिशवीत ठेवली.

मजकूर करायला बसले तर निवेदनात अर्धं पान ईश्वराला, साहेबांना आणि भारत सरकारला नमस्कार होते. ते गेले. मग मी मोठ्या बाबांनाच कापलं. दिल्लीत एका म्हाताऱ्याचं वावर कोण ऐकून घेणार, म्हणून मी शाळेची मुलं, गुरंढोरं, ट्रॅक्टर, अपघाताचा धोका असं सगळं पद्धतशीर मांडलं. मिनिटात चोख बसलं. साहेबांनी वाचलं आणि कागद परत केला.

"यात माणूस कुठं हाय?" ते म्हणाले. "असं तं सगयेच बोलतात."

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी शाळा आणि ट्रॅक्टर एका वाक्यात कोंबले आणि सुरुवात बदलली: "अध्यक्ष महोदय, मेरे क्षेत्र में एक बुज़ुर्ग किसान है, जिसका घर सड़क के इस पार है और खेत उस पार।"

पावसाळी अधिवेशनात रोज सूचना पाठवली आणि रोज चिठ्ठीने दगा दिला. मोठे बाबा रोज फोन करायचे. "आज निंगाली का?" मी म्हणायची नाही. ते म्हणायचे, "निंगन," जणू निराश मीच झाले होते. शेवटच्या आठवड्यात नंबर लागला. सभागृहात कसलासा गोंधळ सुरू होता, पुढच्या बाकांवरची माणसं उभी होती, त्या गलक्यात साहेब उभे राहिले आणि त्यांनी माझं मिनिट वाचलं. गावाचं नाव दोनदा घेतलं. आभार मानले नाहीत. माइक जाण्याआधी त्यांचं बोलून संपलं होतं, आणि हे श्रेय मी कोणाला देणार नाही.

गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत सगळे मोबाइलभोवती गोळा झाले होते. दादाने नंतर सांगितलं, गावाचं नाव आलं तेव्हा मोठ्या बाबांनी टोपी काढली आणि हात जोडले. मग त्यांनी मला फोन केला. "झालं ना काम! आता खोदाले कधी येतात?"

इथे मला त्यांना समजवावं लागलं की संसदेत बोललं म्हणून काम होत नाही. बोललं की कागद हलतो. मंत्र्यांकडून पत्र येतं की प्रकरण तपासलं जात आहे. मग कोणीतरी तपासतं. "म्हंजे आपल्या तहसिलीसारखंच," ते म्हणाले. मी म्हटलं, अगदी तस्संच, फक्त हिंदीत.

पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी केली जाईल. पाठोपाठ गावाला मोजणीची तारीखही कळली. ऐन सोयाबीनच्या सोंगणीचे, कापणीचे, दिवस. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सोंगणीत आमच्या गावचा रस्ता म्हणजे सकाळपासून बायकांच्या टोळ्या, डबे, ट्रॅक्टर, पाण्याचे हंडे, सारखी ये-जा. मोजणाऱ्याचा हात दुखून येईल, असं मला वाटलं. मी गावी फोन करून बजावलं, "काही खास करू नका. नेहमीसारखं वागा." अधिवेशनाची तयारी होती, म्हणून मी स्वतः गेले नाही. ही माझी चूक.

हिवाळी अधिवेशनात आम्ही पाठपुराव्यासाठी लेखी प्रश्न टाकला. उत्तर आलं ते मी माझ्या टेबलावर उभ्याउभ्याच वाचलं. मोजणी झालेली आहे. या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या नगण्य आढळली. भुयारी मार्गाचा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.

नगण्य! मी तो कागद तीनदा वाचला. मग दुपारची एसटी धरून थेट गावी गेले. वाटेत मी मोजणाऱ्यांना, महामार्गवाल्यांना, दिल्लीला, सगळ्यांना मनातल्या मनात धुऊन काढलं. घरी पोचल्यावर मोठ्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी न पिताच विचारलं, "त्या दिवशी झालं काय?"

मोठ्या आईचा चेहरा उजळला. "काय सांगू बाई! असा कार्यक्रम गावात झाला नाई. मांडव टाकला, रांगोया काढल्या. दोन साहेब आले होते, त्याईचा सत्कार केला. शाल, नारळ, टोपी. सकायी पोहे अन् दुपारी वांग्याची भाजी, भाकर, वरून जिलबी. बचत गटाच्या बायांनी स्वागताचं गाणं म्हटलं. संध्याकायपर्यंत बसले बिच्चारे."

"आणि वावरात कोण गेलं?"

"वावरात?" ती म्हणाली. "पाव्हने दारात असताना वावरात कोन जाईन?"

मी मोठ्या बाबांकडे बघितलं. ते खाटेवर बसले होते. सगळं त्यांनीच जमवून आणलं होतं. दवंडीच दिल्यासारखं घरोघर जाऊन त्यांनी सांगितलं होतं, की एक दिवस सोंगणी बंद, सगळ्यांनी आंघोळी करून, बरे कपडे घालून मांडवात यायचं. आणि वर हेही, की दिल्लीच्या माणसांसमोर ढोरांसारखं रस्त्यात घुसायचं नाही, गावाची इज्जत जाते.

"नेहमीसारखंच तं वागलो," ते मला म्हणाले. "पाव्हना आला का आपुन नेहमी काय करतो?"

मग मी त्यांना उत्तराचा कागद मराठीत सांगितला. नगण्य म्हणजे काय ते सांगितलं. मोजणारी माणसं वाईट नव्हती. ती दिवसभर रस्त्याकडे बघत बसली, जे दिसलं ते लिहिलं, आणि आमच्याच मांडवात बसून लिहिलं. मी रागावून आले होते, पण त्यांच्याकडे बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. वावरात जाण्याची एकच वाट उघडणार होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने, जिलबी वाढून, बंद केली होती.

"मीच सांगतलं सगयाईले," शेवटी ते म्हणाले. "मीच."

मोठी आई माझ्याकडे बघत होती, की तू तर दिल्लीचं काम करतेस, आता कर काहीतरी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी जे झालं ते लिहून काढलं. जसंच्या तसं. मोजणीच्या दिवशी गावाने पाहुण्यांचा सत्कार केला म्हणून रस्ता कोणी ओलांडलाच नाही, तरी पुन्हा मोजणी व्हावी, या वेळी न कळवता. साहेब दिल्लीत होते. मी फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "हे वाचलं तं लोक गावाले येडं म्हणतील."

"म्हणू द्या," मी म्हटलं. "नगण्य म्हणण्यापेक्षा बरं."

चिठ्ठी या वेळी दुसऱ्याच दिवशी निघाली. साहेबांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा नेहमीसारखीच कुजबुज चालू होती. ‘जलेबी’ हा शब्द आला आणि समोरचे काही जण वळून बघू लागले. ‘या वेळी न कळवता’ या शेवटच्या शब्दांवर दोन्ही बाजू हसल्या, मंत्रीही हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. पण ते हसणं वाईट नव्हतं. आपल्याही गावात असंच झालं असतं, हे ओळखणारं ते हसणं होतं. एवढ्या वर्षांत माझं एक मिनिट सगळ्या सभागृहाने ऐकल्याचं ते एकच उदाहरण.

हरभऱ्याला घाटे धरले होते, त्या सुमारास एका सकाळी दादाचा फोन आला. रस्त्याच्या कडेला एक माणूस खुर्ची, छत्री आणि पाटीवर लावलेले कागद घेऊन बसलाय. काही बोलत नाही, नुसता रेघा मारतो. चार दिवस बसणार म्हणतो. मी दादाला सांगितलं, "त्याच्या जवळपास कोणी फिरकू नका. शाल नाही, नारळ नाही, पोहे नाहीत. आपापल्या कामाला जा." आणि रजा टाकून मीही निघाले.

गावाची अशी परीक्षा कोणी घेतली नसेल. दारात पाहुणा उन्हात बसलेला आणि त्याला विचारायचं नाही! लोक त्याच्यासमोरून वावरात जात होते आणि जाताना ओशाळून माना खाली घालत होते. मोठ्या आईचा तर जीव खालीवर होत होता. "अवं, लेकराले निदान चहा तं देऊ दे," ती दर घटकेला म्हणायची. तो माणूस चाळिशीचा तरी असेल. शेवटी मी म्हटलं, चहा दे, पण बोलू नको. ती चहा देऊन आली आणि येताना त्याच्या बायकोचं माहेर कुठलं हेही विचारून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"सगया गावाले मोजून राह्यला तो," ते म्हणाले. "मी का गावातला नाई? मले काऊन मोजू नाई?"

दादा म्हणाला, "बाबा, शपथ घातली ना तुम्हाले."

"एकट्यानं जाऊ नोको म्हटलं होतं. ही येते ना सोबत."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, पण त्यांना नाही म्हणण्याची ताकद माझ्यात नव्हती. रस्त्याच्या कडेला आम्ही हात धरून उभे राहिलो. ट्रक, एक लग्नाच्या वऱ्हाडाची बस, पुन्हा ट्रक. दोनदा पाऊल टाकून मागे आलो. तिसऱ्यांदा जमलं. दुभाजकावर चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि त्या क्षणी मला कळलं की ते किती हलके झालेत. पलीकडे पोचल्यावर त्यांनी वळून खुर्चीवरच्या माणसाकडे बघितलं आणि हात वर केला. त्याने दोन रेघा मारल्या.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी चपला काढल्या. मग ते हरभऱ्यातून चालू लागले, आधी जरा अडखळत, मग सावकाश, मग मला मागे टाकून. एक घाटा तोडून चाखला. पाइप फुटलेला होता, त्यावरून दादाच्या नावाने चार शब्द काढले. तुरीच्या कडेला रोह्यांच्या खुरांचे ठसे होते, त्यांनाही दोन शब्द. विहिरीत वाकून पाणी बघितलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं रागावणं त्यांनी त्या तासाभरात संपवलं आणि मग विहिरीजवळच्या झोपडीसमोर खाली मातीतच बसले. इतकं सुखी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. माझ्या लग्नातही नाही.

ऊन चढलं तेव्हा मी म्हटलं, "चला मोठे बाबा, जेवायची वेळ झाली."

"तू जाय," ते म्हणाले. "मी बोगदा झाला का येतो."

मला वाटलं थट्टा करताहेत. ती थट्टा नव्हती. दादा आला, त्याने विनवलं, मग आवाज चढवला. मोठे बाबा म्हणाले, "तूच तं म्हणतो रस्ता ओलांडू नोको. नाई ओलांडत." झोपडीत खाट होती, दादा घोंगडी आणि डबा घेऊन आला, दिवा लावून दिला. चार दिवस झाले, खुर्चीवरचा माणूस कागद गुंडाळून निघून गेला, तरी मोठे बाबा परतले नाहीत.

डबा दादा नेऊन द्यायचा. मोठी आई अलीकडे निंबाखाली उभी राहायची, मोठे बाबा धुऱ्यावर येऊन उभे राहायचे. मधून गाड्या जायच्या, त्यामुळे बोललेलं ऐकू यायचं नाही. मोठ्या आईला त्या रस्त्याची इतकी भीती होती की चौपदरी झाल्यापासून तिने त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. "त्याईले म्हणा घरी या," ती दादाला सांगायची. "तिले म्हणा इकडं ये," ते सांगायचे. मी बुलढाण्याला परत आले आणि पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्नाचा मसुदा करायला घेतला.

नवव्या दिवशी मोठ्या आईने पदर खोचला, स्टोव्ह, तवा आणि भाकरीचं पीठ एका घमेल्यात घातलं, घमेलं डोक्यावर घेतलं आणि कोणाला न सांगता, डोळे मिटून म्हणावं तशी, रस्ता ओलांडून गेली. त्या दिवशी मोजायला कोणी नव्हतं.